टपालकाकांच्या अर्ध्या गोळ्या

टपालकाकांच्या पायाला भिंगरी लावलीय, असं त्यांची बायको म्हणायची. टेकडीवरची वस्ती त्यांच्या वाट्याला आली तेव्हा टपाल कचेरीतले बाकीचे गालातल्या गालात हसले होते. तिथे सायकलचा उपयोग नव्हता. एकशे बारा पायऱ्या आणि त्यांना दोन्ही बाजूंनी फुटलेल्या गल्ल्या. पण काकांनी बावीस वर्षं ती वस्ती सोडली नाही. बदलीचा विषय निघाला की म्हणायचे, "खाली मला ओळखतंय कोण?"

वर सगळेच ओळखत. परगावच्या लेकीचं पत्र असलं तर काका ते फटीतून आत सारत नसत, कडी वाजवत. वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवत, आणि मजकूर वाईट असला तर आधी "बसा जरा" म्हणत. मग आतून पाणी यायचं. कुठल्या घरचं पाणी गार, कुठल्या घरचं गंजक्या नळाचं, कोण ग्लास विसळून देतं आणि कोण तसाच पुढे करतं, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे.

त्यांच्या बेचाळिसाव्या वर्षीचा उन्हाळा तर ते पुन्हा पुन्हा सांगतात. त्या वर्षी त्यांना दारोदार पाणी लागायचं. अगदी वरच्या घरात गणिताच्या निवृत्त बाई एकट्या राहत. त्या मोजायच्या.

"हा चौथा ग्लास. पोटात विहीर खणलीय का हो?"

"विहीर असती तर एव्हाना भरली असती की, बाई!"

दोघं पोट धरून हसायचे. नोकरीतला इतका सुखाचा उन्हाळा दुसरा नव्हता, असं काका म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडी वजन सात किलोंनी उतरलं म्हणून बायकोने त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा आकडा दाखवला आणि सांगितलं, ती तहान मधुमेहाची होती. काकांनी मान डोलावली. आठवण मात्र त्यांनी होती तशीच जपली.

साखरेच्या दोन आणि रक्तदाबाची एक, अशा तीन गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एकुलत्या एका मुलीला दुसऱ्या शहरात नकाशे आखण्याच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. फी, खोलीचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च. पगार तेवढाच. एका सकाळी दाढी करताना काकांनी ब्लेडने प्रत्येक गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी घेतली, अर्धी डबीत टाकली. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुखत नाही, खुपत नाही, मग हरकत काय? तपासणीचा दिवस आला की "परवा जाऊ" म्हणायचे. तो परवा सात वर्षं आला नाही. मुलीचं शिक्षण संपलं, तिला नोकरी लागली, तरी ब्लेड चालूच राहिलं. सवयच झाली होती.

एक्कावन्नाव्या वर्षी, बाईंच्या दाराखालच्या वळणावर त्यांच्या खांद्यावरची पिशवी एकाएकी दगडासारखी जड झाली. जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला. ते पायरीवर बसले. बाई धावत आल्या तेव्हा काका म्हणाले, "बाई, ही रजिस्टरची पत्रं आधी ताब्यात घ्या."

"पत्रं गेली खड्ड्यात!" बाई ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा चढलेला आवाज गल्लीने ऐकला. वस्तीतल्या चौघांनी काकांना लाकडी खुर्चीत बसवलं आणि एकशे बारा पायऱ्या उतरवून खाली आणलं.

हृदयाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या, त्या उघडल्या. मूत्रपिंडंही जेमतेम चाळीस टक्के काम करत होती. गोळ्यांत जे वाचवलं त्याच्या कितीतरी पट एका आठवड्यात गेलं. शहराबाहेर घर बांधायला घेतलेला जमिनीचा तुकडा विकावा लागला.

औषधांची यादी शोधताना मुलीला ती डबी सापडली. ती डबी घेऊन दवाखान्यात आली आणि पलंगाशी उभी राहिली.

"बाबा, ह्या अर्ध्या का?"

"अर्धीने भागत होतं गं."

"कधीपासून?"

काका छताकडे बघत राहिले. "तुझं पहिलं वर्ष होतं ना."

मुलीने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "माझी फी तुमच्या मूत्रपिंडांनी भरायची, हे मला विचारलं होतंत?"

शेजारी बसलेली बायको उठली, खिडकीपाशी गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, "मलाही नाही विचारलं."

घरी आल्यावर सगळं मोजून सुरू झालं. दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि औषधंही. मीठ चिमटीभर. बटाट्यातलं पोटॅशियम मूत्रपिंडांना झेपत नाही, म्हणून ते दोनदा उकळून पाणी फेकायचं. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठलं असं समजायचं. पत्रं वाटणं सुटलं, कचेरीत खिडकीशी बसून तिकिटं विकायचं काम मिळालं. पण खरी जुंपली गेली ती बायको. ती दर शनिवारी गायनमंडळात जायची, तेही बंद झालं. ती घरातही गुणगुणत नाही, हे काकांच्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं.

मग एका शनिवारी ते स्वतःच स्वयंपाकघरात शिरले. पहिल्या दिवशी बटाट्यांचा लगदा झाला. बायको म्हणाली, "हे खायचं की भिंतीला लावायचं?"

"तू जा गायला. भिंतीचं मी बघतो."

ती गेली. त्यानंतर शनिवारचा स्वयंपाक त्यांचा, आणि हळूहळू मोजमापही सगळं त्यांचंच झालं.

आता काका चौसष्टचे आहेत. मूत्रपिंडं पस्तीसवर आहेत, यंत्रावर रक्त शुद्ध करायची पाळी अजून आलेली नाही. सपाट रस्त्यावर चाळीस मिनिटं चालतात. टेकडी खालूनच बघतात. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या, आणि वर आता पत्रंही फारशी येत नाहीत म्हणतात.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर एक बसड्रायव्हर शेजारी बसला होता. चाळिशीचा, धडधाकट. म्हणाला, "मी एक दिवसाआड घेतो गोळी. महाग पडते."

काकांनी त्याला सगळं सांगितलं. ब्लेड, डबी, खुर्ची, मुलीचा प्रश्न. डॉक्टरीणबाईंना सरळ सांग, स्वस्तातली गोळी लिहून देतात, मी तेवढंही कधी विचारलं नाही, असंही म्हणाले.

ड्रायव्हर आपल्या बुटांकडे बघत होता. "काही दुखत नाही हो, काका."

"हो ना," काका म्हणाले. "मलाही नव्हतं दुखत."

आतून ड्रायव्हरचा नंबर पुकारला गेला. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि परत येऊन त्याने विचारलं, "ते स्वस्त गोळीचं डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं म्हणालात?"