सडपातळ माणसाचं गोडेमूत

पेडण्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या कृष्णनाथला मधुमेह झाला, तेव्हा गिऱ्हाइकांना आधी हसूच आलं. हा रोग ढेरी सुटलेल्या भाटकारांचा, बड्या जमीनदारांचा. आणि कृष्णनाथ तर असा किडकिडीत, की अंगातला सदरासुद्धा उसना वाटावा. गोवा घटक राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती, तरी मराठी की कोकणी हा वाद त्याच्या गल्ल्यापाशी रोज नव्याने पेटे. कृष्णनाथ कट्टर मराठीवाला. रोगालाही ‘मधुमेह’च म्हणा, असा त्याचा आग्रह. आई पद्मावती मात्र ‘गोडेमूत’ म्हणायची, आणि तेही शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात.

घरात पद्मावतीपुढे कुणाचं चालत नसे. तिचा एक ठाम नियम होता: पोटुशी बाईने सातव्या महिन्यापासून अर्धपोटी राहायचं. मूल लहान राहतं, बाळंतपण हलकं जातं. तिच्या सासूने तिच्याकडून हेच करून घेतलं होतं. कृष्णनाथ ओंजळीत मावेल एवढाच जन्मला, याचं तिला कोण कौतुक! आता सून विनिताला आठवा लागला होता. दुपारी वाटीभर पेज आणि लोणच्याची फोड. सुनेची उपासमार अगदी मायेने चालली होती.

म्हापशाच्या डॉक्टरने कृष्णनाथला गोळ्या दिल्या आणि घरची चौकशी केली. सगळं ऐकून तो म्हणाला, “आईच्या पोटातच याची सुरुवात झाली असावी. तिथे उपाशी वाढलेल्या अंगाला पुढे साखर झेपत नाही. बायकोला पोटभर जेवू घाला, नाहीतर उद्या तुमचं मूलही इथेच येऊन बसेल.”

घरी येऊन कृष्णनाथने सगळा धीर एकवटला आणि निम्मंच सांगितलं. “आये, डॉक्टर म्हणता, ह्यां तुझ्या पोटात आसतानाच लागलां.”

पद्मावती मटकन खाली बसली. “माका ठावक होतां! तो गूळ!” तिने कपाळावर हात मारला. “तू पोटात आसताना एकदा भूक सोसना, म्हणान सासूच्या डब्यातलो गुळाचो खडो चोरून खाल्लंय. तोच तुका बाधलो.”

दुसऱ्या दिवशी विनिताची वाटी आणखी लहान झाली. गोड म्हणून केळंसुद्धा बंद. निम्म्या सत्याने भलताच पराक्रम गाजवला होता.

कृष्णनाथ पेचात पडला. पुरतं खरं सांगायचं, तर आईचा अभिमानच तिच्या तोंडावर मोडायचा. न सांगावं, तर पोटातल्या पोराचं काय? भाषेच्या वादात टेबल ठोकणाऱ्या या गृहस्थाची घरात वाचाच बसली. मग एका दुपारी चुलीपुढून उठताना विनिताला घेरी आली आणि ती भिंतीला टेकली. कृष्णनाथ धावला. त्याने तिला बसवलं, स्वतः ताट वाढलं: भात, आमटी, तळलेला बांगडा.

“पोर मोठां होतला!” पद्मावती ओरडली.

“होवंदे! माका गोडेमूत गुळान नाय झालां, आये. तुझ्या उपासान झालां. तुका उपाशी ठेवली, म्हणान झालां.”

विनिताचा हात ताटावरच थांबला. पद्मावतीने सुनेच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

“तो गुळाचो खडो अर्धोच खाल्लंय रे बाबा,” ती म्हणाली. “अर्धो सासूच्या भियान परत डब्यात ठेवलंय.”