मोठ्या सिस्टरने लस का टाळली

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरचा हात हलका, याबद्दल इतक्या वर्षांत कुणी शंका काढली नव्हती. फ्लूची लस घेताना माणसं डोळे घट्ट मिटून विचारायची, "टोचलंत का?" सिस्टर म्हणायची, "केव्हाच! उठा आता, मुक्कामाला आलात की काय?" तेवढ्यावर तिला दिवसभराचा चहा गोड लागे.

मग धाकटी सिस्टर आली. लस टोचायच्या खुर्च्या दोन झाल्या आणि रांग मात्र धाकटीपुढेच वाढू लागली. मोठी आपली कापसाचे बोळे वळत बसे. एकदा मान वर करून बघते, तर त्या रांगेत सख्खा नवरा!

"अहो, तिकडे कुठे?"

"तुझी दगदग वाचावी म्हणून गं!"

"वाचली हो! माशाच मारतेय इथे."

वर हा गृहस्थ घरी येऊन म्हणतो, "कळलंसुद्धा नाही, बघ!" त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली.

दवाखान्यातल्या सिस्टरांनी एकमेकींना लस टोचायची, ही तिथली रीत. म्हणजे मोठीला टोचणार धाकटीच. "ताई, बाही वर करता?" असं तिने विचारलं की मोठीला नेमकं काहीतरी काम आठवे. सुईला ती कसली भिते! भीती एकच: नाहीच दुखलं, तर?

डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिने "झाली की!" म्हणून ठोकून दिलं.

आणि फ्लूने तिलाच गाठलं. सणसणीत ताप, अंगाचा नुसता ठेचा, त्यात जुना दमा. डॉक्टर म्हणाले, "दम्याच्या माणसाने थांबायचं नाही. विषाणूवरच्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्या, तर गुण चांगला येतो." गोळ्या घेऊन घरी आली कोण? धाकटी! नवरा तिचं कौतुक करत होता, आणि मोठीचा ताप त्याने चढत होता की फ्लूने, देव जाणे.

बरी होऊन कामावर आली, तर डॉक्टरांनी धाकटीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "लसीच्या वहीत तुमचं नावच नाही! आणि फ्लू काय एकाच जातीचा असतो? लस आता तरी घ्या."

मोठीने बाही वर केली. रांग टक लावून बघत होती. सुई गेली, आली. मोठीला काही म्हणजे काही कळलं नाही.

"आई गं!" ती किंचाळली.

निम्मी रांग गुपचूप मोठीच्या खुर्चीकडे सरकली. धाकटीचा चेहरा पडला. वाकून हळूच म्हणाली, "खरंच लागलं, ताई?"

"गप गं," मोठी पुटपुटली. "लागलं असतं, तर बरं झालं असतं."