गुलाबी पाण्यातला मुळा

"बाई, मुळा लाल औषधात बुडवल्याशिवाय मी देतच नाही. तुम्हीच बघा."

कँटीनचे मॅनेजर रहीमभाई यांनी गुलाबी पाण्याची बादली माझ्या टेबलाजवळ ठेवली. आत मुळे, गाजरं आणि कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्या काळी कुणी विहिरीत टाकायचं, कुणी भाजीच्या पाण्यात.

मी तेव्हा पिंपरीजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. नुकताच खंडू नावाचा आमचा टर्नर लेथसमोरच पोट धरून खाली बसला होता. पुण्याला ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्या आतड्यात जंतांचा गुंता निघाला. माणूस वाचला, पण आमचे मेडिकल ऑफिसर डॉ. साठ्ये स्वस्थ बसेनात. त्यांनी साऱ्या कामगारांची शौचतपासणी लावली. घरचा डबा खाणाऱ्यांपेक्षा कँटीनमध्ये जेवणाऱ्यांत जंतांची अंडी बरीच जास्त सापडली. शिजलेल्या अन्नात ती टिकत नाहीत. राहिली कच्ची कोशिंबीर.

बादलीतला मुळा मी स्वच्छ पाण्यात खसाखसा घासला. ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. ही नळ्या गरगर फिरवणारी मशीन. गाळ तळाशी बसवते. गाळाचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला, तर जंतांची अंडी दिसली.

"दिसली म्हणजे जिवंत आहेत असं नाही," साठ्ये म्हणाले. "औषधानं मेली असतील."

"तर मग वाढवून बघू या, सर."

"बघा. तोवर कोशिंबीर बंद."

गाळाचे दोन बश्यांत दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यावर उकळतं पाणी ओतलं. दोन्ही बश्या ओलसर ठेवल्या. अंडं जिवंत असेल तर काही आठवड्यांत आत अळी तयार होते. तोवर कँटीनमध्ये कुरकुर सुरूच होती. रहीमभाई रोज येऊन विचारायचे, "झालं का, बाई?"

अखेर एका दुपारी मी त्यांना आणि साठ्येंना बोलावलं. रहीमभाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पहिल्या बशीतला थेंब पाहिला.

"आत काहीतरी वळवळतंय."

"तीच अळी. लाल औषधातून निघालेल्या मुळ्यावरची. अंड्याचं कवच जाड असतं, हे औषध आत पोचतच नाही. आता दुसरी बशी बघा."

दुसरीत सगळं निपचित होतं. रहीमभाई स्टुलावर बसले. "मी लोकांना हे खायला घालत होतो," ते हळूच म्हणाले.

साठ्येंनी आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाले, "भाजी देणारा माणूस बदलून टाका."

मला ते पटेना. बाजारातली भाजीही आसपासच्याच शेतांतून यायची. "आधी शेत बघून येते," मी म्हटलं.

रहीमभाई मला मोशीला, कँटीनला भाजी देणाऱ्या दगडूआबांच्या मळ्यात घेऊन गेले. आबांनी मुळा उपटून दाखवला, मनगटाएवढा जाड. "सोनखताचा हाय. लबाडी न्हाई," ते अभिमानानं म्हणाले. सोनखत म्हणजे माणसांच्या मैल्याचं खत. ते ताजंच पडत होतं, आणि काढलेली भाजी ओढ्याच्या डबक्यात धुतली जात होती.

"आबा, खत वाईट नाही. पण ते खड्ड्यात मुरू द्यायला हवं, चांगलं वर्षभर. आणि भाजी मोटेच्या पाण्यानं धुवा."

"वरीसभर? मंग औंदा मुळ्याला काय घालू?"

"यंदा शेणखत घाला."

आबांनी हातातल्या मुळ्याची माती झटकली. "मुळा बारीक येईल. चालंल का तुमास्नी?"

"मी घेईन," रहीमभाई म्हणाले.

पण नुसत्या शेतावर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. कँटीनमध्ये आम्ही नवी पद्धत बसवली. मुळा, गाजर आधी वाहत्या पाण्याखाली काथ्यानं घासायचं, म्हणजे माती जाते. मग अख्खंच उकळत्या पाण्यात बुडवून काढायचं आणि लगेच, आधीच उकळून गार करून ठेवलेल्या पाण्यात टाकायचं. सोलायचं आणि किसायचं त्यानंतर. अशानं वरची साल तेवढी पोळते, आतला करकरीतपणा राहतो. कोथिंबिरीची पानं मात्र लुळी पडायची. ती आचाऱ्यानं परस्पर उकळत्या आमटीत ढकलली.

कोशिंबीर पुन्हा पानात आली तेव्हा कामावर परतलेल्या खंडूनं दुसऱ्यांदा मागून घेतली. पद्धत बदलल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांना जंतांचं औषध दिलं. पुढच्या हिवाळ्यात तपासणी केली, तर कँटीनमध्ये जेवणारे आणि घरचा डबा खाणारे यांच्यात फरक उरला नव्हता. साठ्येंनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "ठीक." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

स्वयंपाकघरात नुसतं "हे बंद करा" म्हटलं, तर लोक मान डोलावतात आणि आपली पाठ फिरली की पुन्हा सुरू करतात. शेगडीपाशी उभं राहून दुसरी रीत दाखवली, आणि चव बिघडली नाही, तर ती टिकते. पुढे मी बऱ्याच कँटीनमध्ये गेले. सूचनांचे बोर्ड सगळीकडे होते. मी आधी पातेल्यातल्या पाण्याला उकळी आली आहे का ते बघायची.