दुर्बिणीची वाटणी

आमच्या घरात आजवर तीन वाटण्या झाल्या: शेताची, विहिरीच्या पाण्याची आणि बंदुकीच्या दुर्बिणीची. पहिल्या दोन शांतपणे पार पडल्या.

धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की बाभळीला गुलाल भरलेलं गाडगं टांगतात आणि आमच्या घरातला माणूस छऱ्याच्या बंदुकीनं ते फोडतो. छरे तीनच. तिन्ही चुकले तर मान भावकीतल्या बप्पांच्या घरी जातो. बप्पा गेली कित्येक वर्षं धुतलेला फेटा बांधून त्या क्षणाची वाट बघत सगळ्यांच्या पुढे उभे असतात. (आम्हाला शुभेच्छाही तेच सगळ्यात मोठ्यानं देतात.)

इतकी वर्षं आमचे वडील, म्हणजे आबा, गाडगं फोडत आले. पण एका दसऱ्याला तिसऱ्या छऱ्यावर कसंबसं जमलं, आणि घरी येऊन त्यांनी बंदूक आम्हा दोघा भावांच्या पुढ्यात ठेवली.

"हात कापतोय आता. तुमी बघा. पर मान गेला, तर मला त्या बाभळीखालून जायची लाज वाटंल."

आबा आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी घाबरलेले दिसले. मला भरून आलं. दादालाही आलं असावं, कारण तो लगेच बंदूक उचलून तिच्यातच दोष काढू लागला. दोष बंदुकीत नव्हता, आमच्या नेमात होता. म्हणून दुर्बीण बसवायचं ठरलं. इथवर आमचं एकमत होतं.

दुकानदारानं फोनवर विचारलं, "मिलची देऊ की एमओएची?"

मी हायस्कुलात गणित शिकवतो. मला प्रश्न आवडला. दोन्ही कोन मोजायच्या पद्धती. मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर, शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. दशांश चिन्ह सरकवलं की काम झालं! एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर साधारण एक इंच. एक मिल म्हणजे जवळजवळ साडेतीन एमओए. सुशिक्षित माणसानं काय घ्यावं हे उघड आहे.

दादा घरं बांधायची कंत्राटं घेतो. त्याचं जग फूट आणि इंचात मावतं. तो म्हणाला, "एमओएच घ्यायची. इंचाचं काम हाय."

"दादा, अख्खं जग मीटरवर गेलं!"

"जाऊ दे. तुझं घर मी फुटात बांधलंय. पडलं का?"

"स्वैपाकघराचं दार लागत न्हाई!"

"ते लाकूड फुगलंय!"

आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जेवताना वहिनी मधे बसून "मिलवाल्याला भाकर पायजे का?" असं विचारायच्या. शेवटी आबांनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि शेताची केली तशीच वाटणी केली: अर्धी ह्याची, अर्धी त्याची. दुकानदाराला विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, "तशीच आहे ना! आतल्या फुलीवरचे ठिपके मिलचे आणि वरची फिरवायची चकती एमओएची."

सगळ्यांना आनंद झाला. तोलामोलाची वाटणी! आत माझं राज्य, बाहेर दादाचं. मी आतून पाहून छरा किती चुकला ते सांगायचं, दादानं वरचा कान पिळून दुरुस्त करायचं. (दादा चकतीला कान म्हणतो, आपला जुना रेडिओ असावा तसा.) आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, हे धोक्याचं आहे असं माझ्या मनात आलं होतं. पण तसं बोललो असतो तर वाटणी पुन्हा निघाली असती. सराव म्हणून आम्ही अंगणातून न्हाणीच्या भिंतीवर छरे मारले. इतक्या जवळून सगळे बरोबर बसले आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

दसऱ्याला हलगी कडाडत होती. बाभूळ चाळीस मीटरवर, तिच्या मागं मातीचा उंच बांध, खाली सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग. आबा खुर्चीवर, काठीवर हनुवटी टेकवून बसलेले. बप्पा पुढे.

"मारा बे, मारा! आमचा आशीर्वाद हाय!"

बंदूक माझ्या खांद्याला, दादा शेजारी. पहिला छरा सुटला आणि गाडग्याच्या खाली बांधावर धूळ उडाली. मी ठिपके मोजले आणि ओरडलो, "तीन खाली!"

दादानं कान पिळला. "दिले तीन!"

त्यानं तीन दिले, पण स्वतःचे. माझ्या मोजणीत ते एकसुद्धा भरत नव्हते. दुसरा छराही खालीच गेला. गाडगं डुलत राहिलं. बप्पांनी फेटा नीट केला.

"दादा, तू दिले किती?"

"तीन म्हंजे तीन! का रं, तीन म्हंजे तुझ्या शाळेत नऊ असत्यात का?"

तेव्हा मला कळलं, आणि माझ्या तोंडावरून त्यालाही कळलं. आता एकच छरा होता. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

आणि इथं आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक घडली: आम्ही दोघं एकाच वेळी समजूतदार झालो! मी मनात म्हटलं, मरू दे तो हट्ट, दादाच्या भाषेत बोलू. दुसरा छरा दोन मिल खाली होता. साडेतीननं गुणले, सात. मी म्हणालो, "सात दे." तिकडं दादानं मनात म्हटलं, धाकटा भाऊ हाय, त्याचे मिल मीच धरतो. त्यानं माझे सात मिलचे समजून पुन्हा साडेतीननं गुणले!

चकती कट कट कट कट वाजतच राहिली. एवढा का पिळतोय, असं वाटलं, पण म्हटलं, भावावर विश्वास टाकावा एकदा. चाप ओढला.

छरा गाडग्याच्या वीतभर वर, बरोबर सुतळीला लागला. सुतळी तुटली, गाडगं सुटलं आणि भुसकटात अलगद जाऊन बसलं. नवंकोरं. एक टवकासुद्धा उडाला नाही.

हलगी थांबली.

"फुटलं न्हाई!" बप्पा नाचले. "मान आमचा!"

"थांबा बप्पा!" मी पुढं झालो. मागं हटायचा प्रश्नच नव्हता. "नेम लागलाय! सुतळीला लागलाय! गाडग्यापेक्षा सुतळी बारीक असती!"

"आमी मुद्दाम सुतळीला मारलं," दादा म्हणाला.

"मुद्दाम?" बप्पा म्हणाले.

"गणित करून!" मी म्हणालो. (हे मात्र खरं होतं. दोनदा केलं होतं.)

भांडण पेटलं. आबा उठले आणि हळूहळू चालत ढिगापाशी गेले. आता ते गाडगं उचलून बप्पांच्या हातात देणार, असं वाटून मी मान खाली घातली. आबांनी गाडगं उचललं, एका दगडावर ठेवलं आणि काठी हाणली. खाप! गुलालाचा ढग बप्पांच्या फेट्यावर बसला.

"तीन छऱ्यांत खाली आणलं पोरांनी," आबा म्हणाले. "फोडायचं घरातल्या माणसानं. कशानं, ते कुणी सांगितलं न्हाई."

हलगीवाल्यानं बप्पांकडं पाहिलं, आबांच्या काठीकडं पाहिलं आणि हलगी वाजवली. हलगी वाजली की निकाल लागला, ही आमच्याकडची रीत. बप्पा अजून लालच आहेत, पण मान आमच्याकडं आहे.

लोक म्हणतात, मास्तर, चूक कबूल करा. का करू? तिसऱ्या छऱ्यालाही दोघं आपापल्या हट्टाला चिकटून राहिलो असतो, तर निदान सुतळी तरी वाचली असती. बिघडलं ते समजूतदारपणानं! आणि मिलच बरोबर, हे मी आजही बाभळीखाली उभं राहून सांगायला तयार आहे.

पुढच्या दसऱ्याला शस्त्रपूजेत पाटावर मधोमध आबांनी काठी ठेवली. बंदूक बाजूला. वहिनींनी दुर्बिणीलाही हळदकुंकू लावलं, तेही नेमकं भिंगावर. मी डोळा लावून पाहिलं. बाभूळ दिसली नाही, बांध दिसला नाही, सगळं लालभडक. पण ठिपके मिलचेच होते!