हळदीत डीजे थांबला तेव्हा

आमच्या भिवंडीत हळदीचा डीजे थांबवणं म्हणजे नवरदेव पळाल्यावरच करायचं काम. पुतणीच्या हळदीत ते मी केलं, कारण माझा भाचा खेळायला उतरत होता.

भाचा फुटबॉलमधला विंगर. मैदानाच्या कडेने सुसाट पळायचं, चेंडू आत टाकायचा, गोल दुसऱ्याने मारायचा. शाळेत मीही कडेलाच असायचो, पण मधे माझी अडचण व्हायची म्हणून. त्याला मोठ्या क्लबने घेतलं तेव्हा नारपोलीच्या नाक्यावर बॅनर लागला. कोपऱ्यात मी, गॉगल लावून. मग त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लबने सोडलं, बॅनर कुणीतरी छपरावर घालायला नेला. आता एक छोटा क्लब म्हणत होता, या सामन्यात गुडघा टिकला तर करार. आणि डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा गेला तर खेळ बंद.

सामना माझ्या फोनवर. सगळा मांडव त्याच्याभोवती.

"पलायचा यानं न् गोल दुसऱ्याचा? यो कसला धंदा?" थोरले काका म्हणाले.

बहीण, म्हणजे त्याची आई, पाठ करून नवरीला हळद लावत होती. बघणारच नव्हती. भाच्याने एकाला चुकवलं, दुसरा अंगावर आला, आणि भाचा गुडघा धरून आडवा.

"कंचा गुडघा?" बहिणीने धावत येऊन फोन ओढला. ओल्या हळदीची बोटं पडद्यावर. चित्र थांबलं ते तिथेच. भाचा पडलेला, वर सगळं पिवळं.

"ताई, काय केलंस!"

"पूस आधी!"

मी नव्या कुर्त्याने पुसलं. बायकोने पाहिलं आणि स्वतःचा पदरही पुढे केला, यावरून प्रसंग समजा. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. बहिणीची नखं माझ्या मनगटात.

चित्र आलं. भाचा पडल्या जागी नव्हता. कडेलाही नव्हता.

"भायेर नेला," काका पुटपुटले.

मग कॅमेरा कोपऱ्याकडे वळला. भाचा कॉर्नर घ्यायला उभा! मारलाही. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट पलीकडे बाहेर. मांडवात एकच आरडाओरडा.

"गोल झाला?" काकांनी विचारलं.

"न्हाय."

"मंग वरडता कशाला?"

"डाव्या पायावर उभं राहून मारला त्यानं," बहीण म्हणाली.

सामना ते हरले. जेवणं चालू असताना भाच्याचा फोन आला. करार झाला होता, एका मोसमापुरता. बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बर्फ लाव."