हनुवटीवरचे तीन हिरवे मणी

"सांगा बरं मास्तर, कोन दिसते?"

असं म्हणून भाऊ चौकट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायचे आणि स्वतः मात्र मान वळवून भलतीकडेच बघायचे. एस.टी.त कंडक्टरला सगळेच मास्तर म्हणतात, तसे तेही म्हणायचे. मी त्यांना भाऊ म्हणत असे. ते ड्रायव्हर. सत्तरचं दशक निम्मं सरलं असताना वर्ध्याला माझी पहिली ड्युटी त्यांच्या गाडीवर लागली आणि पुढे बरीच वर्षं आमची जोडी टिकली.

माणूस आडव्या बांध्याचा, झुपकेदार मिशांचा. हाताचा पंजा असा की स्टिअरिंग त्यात खेळण्यासारखं दिसावं. समुद्रपूरला गाडी लागली की प्रवासी चहाला जायचे, मी हिशेब लिहायला बसायचो आणि हे सीटखालून एक लाकडी चौकट काढायचे. चौकटीवर पांढरं कापड ताणून बसवलेलं. स्टिअरिंगवर चौकट टेकवायची, डोळे बारीक करायचे, सुईच्या टोकावर मोहरीएवढा काचेचा मणी उचलायचा आणि कापडावर टाका घालायचा. एका मण्याला एक टाका. पहिल्या दिवशी मला वाटलं, भाऊ मोजा शिवताहेत.

"हे बायकांचं काम तुमच्याकडं कसं काय आलं?" मी एकदा विचारलंच.

"पाय मोडला होता, पलस्तर होतं. बायको पोरीच्या रुखवताचं तोरण ओवून राह्यली होती. म्हनली, नुसते लोळता काऊन, दोन मनी ओवा. तवापासून सुई काही तिच्या हाती लागली नाई."

तोरणावरून ते चित्रांवर गेले. आमच्या भागातला फुललेला पळस त्यांनी केला होता. नदीकाठचा खंड्या केला होता, मांजरानं झडप घालावी असा. त्यांच्या वस्तीतल्या विहारासाठी पिंपळाखाली बसलेले बुद्ध केले, तेव्हा पिंपळाच्या पानांसाठी चार तऱ्हेचा हिरवा मणी शोधत त्यांनी वर्ध्याच्या बाजारातला एकही कासार सोडला नाही. या चित्रांबद्दल ते कुणाला काही विचारत नसत. विचारायचे ते एकाच चित्राबद्दल.

त्यात मोहाचं झाड होतं. खाली फुलांचा सडा, टोपलं, आणि फुलं वेचता वेचता मान वर करून बघणारी एक बाई. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. ती त्यांची आई. भाऊ अगदी लहान असताना ती गेली. फोटो नाही, काही नाही. डोळ्यांपुढे एवढंच उरलं होतं, ते झाड, ती वर झालेली मान आणि ते तीन ठिपके. तेही पुसट होत चाललं होतं, आणि ते पार पुसून जायच्या आत कापडावर उतरावं यासाठी या माणसाची सगळी धडपड होती.

आता तुम्हीच सांगा, मी काय उत्तर द्यावं? "तुमची माय दिसते" म्हटलं, तर म्हणत, "तुमी कुठं पाह्यली तिले?" "मले काय माहीत" म्हटलं, तर चेहरा पडायचा. मग "डोळ्यात चूक हाय" असं पुटपुटत ते डोळे उसवायला घ्यायचे. किती वेळा त्या बाईचे डोळे निघाले आणि पुन्हा बसले, देव जाणे.

एकदा अचानक बैल आडवा आला, भाऊंनी करकचून ब्रेक मारला आणि मण्यांचा डबा पालथा झाला. गाडीभर मणी. भाऊ मागं वळून ओरडले, "कोनी पाय हलवू नोका!" सगळी गाडी चिडीचूप. एक आजोबा बिचारे उतरायला उठले होते, ते एक पाय वर धरून बगळ्यासारखे उभे राहिले. मग बायामाणसं ओणवी होऊन मणी वेचू लागली. तेव्हापासून भाऊंनी सुटा मणी बाहेर ठेवणंच सोडलं. उसवतानासुद्धा ते दोरा तोडत नसत. टाका सोडवायचा आणि मणी दोऱ्यातच अडकवून ठेवायचा, असा नेम झाला.

दुसऱ्या एका फेरीत एका आजीनं ती चौकट पाहिली, चपला काढल्या, झेंडूचं फूल बॉनेटवर ठेवलं आणि हात जोडले.

"आजी, देवी नाई वं ते. माही माय हाय."

"मंग मायच तर देवी राह्यते नं, बाप्पा," आजी म्हणाली आणि उतरून गेली.

त्या फुलाचं काय करावं हे भाऊंना कळेना. देवी म्हणून वाहायचं त्यांच्या धम्मात बसेना, टाकायचं मनाला पटेना. शेवटी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मलाही काही सुचेना, म्हणून ते माझ्या तिकिटांच्या पिशवीत वाळून चुरा होईपर्यंत राहिलं.

आईला पाहिलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, भाऊंची थोरली बहीण. तिला ते बाई म्हणत. कारंज्याजवळच्या खेड्यात ती नांदत होती. "बाईनं व्हय म्हटलं का झालं," असं ते नेहमी म्हणायचे. पण चित्र न्यायचं नाव काढलं की, "अजून डोळे जमले नाई." मला वाटायचं, हा माणूस बहिणीला भितो. खरं तर तो तिच्या 'नाई'ला भीत होता.

मग आम्हाला कारंज्याची ड्युटी लागली. भाऊंनी निरोप धाडला. भर दुपारी स्टँडवर बाई आली, वाळकी, डोक्यावरचा पदर नीट करत. भाऊंनी चौकट बॉनेटवर उभी केली आणि मान वळवली.

"सांग बरं बाई, कोन दिसते?"

बाई वाकली. बराच वेळ पाहत राहिली. मग हसली.

"हे तं मी हाय, बाबू."

"तू कशी असशील? माय हाय. हे पाय, गोंदन."

"मायले कुठं गोंदन होतं? तिले सुईचं लय भेव. माय गेल्यावर दुसऱ्या साली गोंदनारीन आली होती. मले गोंदून राह्यली होती अन् तूच माह्या पदराले धरून रडत होता." तिनं हनुवटी वर केली. सुरकुत्यांत तीन ठिपके होते, फिकट पडलेले. "मोहही मीच वेचो. तुले झाडाखाली बसवून."

भाऊंनी ते ठिपके जन्मभर पाहिले होते. आईसारखेच बाईलाही आहेत, असं ते धरून चालले होते. त्यांनी एकदा बाईकडे पाहिलं, एकदा चौकटीकडे, आणि मग माझ्याकडे, जणू मला काही माहीत असावं.

परतीच्या वाटेवर मी बेल मारली तरी गाडी थांबा ओलांडून पुढं गेली. वर्ध्याला उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग मी इतके साल कोनाले शिवून राह्यलो होतो, मास्तर?" मला फार वाईट वाटलं. त्यांची आई त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली होती.

पुढच्या खेपेला बाईनं आणखी घोटाळा केला. भावाचा उतरलेला चेहरा पाहून म्हणाली, "मले बी तिचा चेहरा नाई आठवत रे. पन लोक म्हनत, पोरगी मायवरच गेली."

झालं. भाऊंनी तिथल्या तिथे तीन हिरवे मणी उसवले. "आता पाहा. ठिपके काढले का माय." आठवड्यानं पाहावं तर ठिपके परत जागेवर. "लहानपनी मले जेवू कोन घाले? बाईच. मंग तिले कसं पुसू?" पुन्हा काढायचे, पुन्हा घालायचे. रिटायर होईपर्यंत हेच चाललं. सकाळी गाडीत चढलो की आज सीटखाली माय आहे की बाई, हे मी विचारत असे आणि ते गालात हसून म्हणत, "आज माय हाय." कधी म्हणत, "आज दोघीबी नाई."

ऐंशीचं दशक सरता सरता भाऊ गेले. मी घरी गेलो तेव्हा बाई आलेली होती. पुढच्या खोलीत खुंटीला चौकट टांगलेली होती. मोह, टोपलं, वर झालेली मान, सगळं जागच्या जागी. हनुवटी कोरी होती. तिच्याशेजारी कापडात सुई टोचलेली आणि दोऱ्यात तीन हिरवे मणी लोंबत होते.

बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमी त्याच्यासंगं रोज राहत होते. घालून राह्यला होता का काढून राह्यला होता?"

मी दोरा नीट पाहिला. घालताना काय, उसवताना काय, तो तसाच दिसायचा.

"नाई सांगता येत, बाई."

तिचा हात नकळत स्वतःच्या हनुवटीवर गेला. मग तिनं मणी ओघळू नयेत म्हणून दोरा सुईभोवती गुंडाळला, सुई कापडात पक्की रोवली आणि घरातल्यांना म्हणाली, "उंच टांगा. कोनी हात नोका लावू."