हातावर प्लास्टर, कॉम्प्युटरात निघालेलं

प्लास्टर घातलेला हात त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काका, हे काय हाये?"

"प्लास्टर."

"कंपनी म्हणते निघालं. रजेसाठी दिलेला तुमच्याच दवाखान्याचा कागद दाखवून राहिली. उद्या मशीनवर ये, नाही तर दुसरा माणूस लावतो म्हणते."

हा विलास. हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवतो. मनगट मोडलं होतं. प्लास्टर मीच घातलं, त्याला आठवडाही झाला नव्हता. मला इंग्रजी येत नाही, शाळा चौथीत सुटली. कागद सिस्टरनं वाचून दाखवला. प्लास्टर काढलं, असं लिहिलेलं. खाली माझं नाव.

नागपूरच्या या दवाखान्यात अर्धं आयुष्य मी मोडलेली हाडं बांधली. न केलेल्या कामाखाली माझं नाव कधी आलं नव्हतं.

आता केसपेपर कॉम्प्युटरमध्ये असतो. त्याला ईएमआर म्हणतात. ज्यानं काम केलं त्यानं आपल्या लॉगिननं नोंद करायची. लॉगिन म्हणजे सहीच. काही जण ड्यूटी संपताना एकाच्याच लॉगिनवरून सगळ्यांचं भरून टाकतात. मी तसं करत नाही. हट्टानं शिकलो. इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून बटणांच्या जागा पाठ केल्या. वरचं बटण घातल्याचं, खालचं काढल्याचं.

विलासला घेऊन मॅनेजर मॅडमकडे गेलो.

"काका, तुमच्याकडून चुकून दाबलं गेलं असेल," त्या म्हणाल्या. "उद्यापासून एंट्री सिस्टर करतील. तुम्ही फक्त प्लास्टर घाला."

"सिस्टरनं प्लास्टर पाहिलंच नाही, तर ती लिहीन काय?"

"तुम्ही सांगाल ते."

"काम माझं, नाव तिचं. मले नाही जमत."

"तुमचं काँट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय. हट्ट कशाला करता?"

"त्याचं मंग पाहू. आधी याचा कागद द्या."

दुरुस्तीला रिक्वेस्ट टाकावी लागते, दोन-तीन दिवस लागतील, असं त्या म्हणाल्या. विलासला तर उद्याच मशीनवर बोलावलं होतं. मोडक्या मनगटानं प्रेसवर उभा राहिला असता, तर हातच गेला असता. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसलो. कागद मिळाल्याशिवाय उठत नाही म्हटलं. मॅडमनी फोन उचलला.

कॉम्प्युटर विभागाच्या कल्याणी मॅडम वर आल्या. स्क्रीन पाहिला आणि म्हणाल्या, "काका, मागच्या आठवड्यात अपडेट आलं. बटणांच्या जागा बदलल्या. मेल टाकला होता की."

"कोणाले?"

"सगळ्यांना."

"मले मेल उघडता येते का, हे काहून नाही विचारलं?"

त्या पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. मी म्हटलं, बाकीच्यांच्या नोंदी पण पाहून घ्या. त्यांनी पाहिल्या. इंग्रजी वाचणाऱ्या सिस्टरांचीही त्यांच्या नोंदींत तीच गत. सवयीनं बोट जुन्याच जागी गेलेलं. हे माझ्या वयाचं किंवा इंग्रजीचं प्रकरण नव्हतं.

विलासचा कागद तिथंच दुरुस्त झाला, शिक्का बसला. जाता जाता तो म्हणाला, "काका, आता बरोबर दाबजा बरं." कागद आजच कंपनीत पोचव, बस चुकवू नको, असं मी त्याला म्हटलं.

मग मी कल्याणी मॅडमना खाली प्लास्टर रूममध्ये नेलं. पट्टी पाण्यात भिजवून हात पांढरे करून दाखवले. अशा हातांनी घाईत बटण दाबावं लागतं, म्हटलं. बटणांवर मराठी शब्द पाहिजेत, रंग वेगवेगळे पाहिजेत. त्यांनी चार दिवसांत करून आणलं. पहिल्यांदा रंग इतके फिके आणले की मी परत पाठवले. त्या चिडल्या, पण बदलून आणले.

विलासची रजा टिकली. मॅनेजर मॅडमनी माझ्या काँट्रॅक्टवर सही केली. एंट्री अजून मीच करतो.

मशीन नको म्हणणारा माणूस मी नाही. पण माझ्या नावानं चालणारी वस्तू हलवायची असेल, तर आधी मला येऊन सांगायचं.